तिजोरीतला चाकू आणि खिशातला चाकू

आमच्या कारखान्यात डबा खाताना सफरचंद कापायला कुणी सुरी शोधत नाही. टेबलावरच्या कुणाच्या तरी खिशातून घडीचा चाकू निघतो. नखाने पातं उघडायचं, फोड कापायची, पात्यावरूनच शेजाऱ्यापुढे धरायची, पातं पुसायचं आणि चाकू मिटून परत खिशात. सगळं बोलता बोलता, चाकूकडे न बघता.

मी पेनसिल्व्हेनियाच्या वायव्य टोकाला, ईरी शहरात राहतो. प्लॅस्टिकचे साचे बनवणाऱ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी करतो. आपल्याकडे खिशात चाकू बाळगणाऱ्या माणसाबद्दल लोकांचं मत काही चांगलं नसतं. इथे मात्र तो वडिलांनी मुलाला द्यायची वस्तू आहे आणि या भागात तर गावाच्या पोटापाण्याची. आमच्या दक्षिणेला टायटसव्हिल आहे. १८५९ साली एडविन ड्रेक नावाच्या माणसाने जिथे खनिज तेलाची विहीर खणली तेच हे गाव. तिथे ग्रेट ईस्टर्न कटलरी २००६ पासून जुन्या पद्धतीचे चाकू बनवते. पूर्वेला ब्रॅडफर्डमध्ये 'केस' (Case) ही चाकू कंपनी १९०५ पासून आहे. राज्याची हद्द ओलांडली की न्यूयॉर्कच्या ओलिअनमध्ये 'का-बार' ही आणखी एक चाकू कंपनी. हा धंदा इथे रुजण्यामागे इंग्लंडच्या शेफील्डहून आणि जर्मनीच्या झोलिंगेनहून आलेले कारागीर होते, आणि १८९० चा मॅकिन्ली आयातकरही होता. त्या कराने शेफील्डच्या चाकूंची अमेरिकेतली बाजारपेठ मोडली आणि इथल्या कारखान्यांचं फावलं.

पुढे त्यातले बरेच बुडाले. न्यूयॉर्क राज्यातली श्रेड कंपनी २००४ साली बंद पडली, कॅमिलस २००७ मध्ये, आणि टायटसव्हिलमधलीच क्वीन कटलरी २०१८ मध्ये. म्हणून इथला संग्राहक चाकू हातात घेतो तेव्हा बहुतेक वेळा एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याचं काम बघत असतो. त्या कारखान्यात त्याचे काका किंवा शेजारी कामाला असण्याचीही शक्यता असते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पोस्टाची तिकिटं जमवणारा माणूस तिकीट छापणाऱ्याला ओळखत नसतो.

हे चाकू 'स्लिपजॉइंट' जातीचे. उघडलेलं पातं अडकवून ठेवणारा खटका त्यात नसतो. मुठीच्या पाठीतली पोलादी स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाब देते, तेवढ्यावरच पातं उघडं राहतं आणि मिटलेलंही. त्यामुळे हा चाकू कापायचा, सोलायचा, तासायचा. भोसकायला गेलं तर आपल्याच बोटांवर मिटेल. चांगल्या चाकूचं पातं उघडताना एकसारखा जोर लागतो, काहींमध्ये अर्ध्या वाटेवर काटकोनात क्षणभर थांबतं आणि शेवटी टक्क करून बसतं. जाणकार मंडळी याला 'वॉक अँड टॉक' म्हणतात. आमच्या टूलरूममधले एक वयस्कर सहकारी पातं उघडल्याचा आवाज ऐकून स्प्रिंग थकली आहे की नाही ते सांगायचे, आणि तपासून पाहिलं तर त्यांचं बरोबर असायचं.

नमुन्यांची नावं शेकड्यांनी आहेत: बार्लो, ट्रॅपर, कनू, पीनट, काँग्रेस. माझा आवडता स्टॉकमन, म्हणजे गुराख्याचा चाकू. त्याला तीन पाती. टोकदार 'क्लिप' रोजच्या कामाला, सरळ धारेचं 'शीपफूट' खूर तासायला, आणि बोथट टोकाचं 'स्पे' गोऱ्हे खच्ची करायला. टोक मुद्दाम बोथट ठेवलेलं, जनावर उसळलं तरी नको तिथे घुसू नये म्हणून. आज स्टॉकमन बाळगणाऱ्या बहुतेकांनी गोठाही पाहिलेला नसतो. तेच स्पे आता पार्सलचं खोकं फोडतं आणि पावावर लोणी लावतं.

आता चाकू वापरायचा की कोरा जपायचा या संग्राहकांच्या वादाकडे वळतो, कारण हे सगळं लिहायला बसलो ते त्यासाठीच. जुन्या चाकूंच्या प्रदर्शनात टेबलांवर मखमलीवर मांडलेले चाकू असतात आणि बघे भिंग घेऊन पात्याच्या बुडाशी कोरलेला शिक्का वाचत असतात. केसने १९७० साली शिक्क्याखाली दहा ठिपके छापले आणि दरवर्षी एक कमी करत नेला. सात ठिपके दिसले की १९७३. १९८० ला पुन्हा दहापासून सुरुवात झाली, पण तेव्हा नावातलं 'S' हे अक्षर विजेच्या रेघेसारखं कोरलं, म्हणजे दोन दशकांची गल्लत नको. नमुन्याचा आकडाही असाच वाचायचा असतो. ६३१८ मधला ६ म्हणजे हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती, १८ म्हणजे स्टॉकमनचा हा विशिष्ट साचा. हे वाचता येऊ लागलं की माणूस त्यात बुडतो.

या बाजारात भाव कोऱ्या चाकूला. एकदाही धार न लावलेला, फळाचा रस न लागलेला, मूळ डबीतला. पातं एकदा दगडावर घासलं की किंमत उतरली. असे चाकू कपाटात, तेलाच्या पुसट थरात, वर्षानुवर्षं मिटून असतात. त्यांना 'सेफ क्वीन' म्हणतात, तिजोरीतल्या राण्या. ग्रेट ईस्टर्नचे चाकू तर थोडे थोडेच निघतात, विक्रेत्याकडे आले की हातोहात संपतात आणि पुढे चढ्या भावाने फिरतात. ज्याला रोज बाळगायचा आहे त्याच्या वाट्याला अनेकदा येतच नाहीत. मला हे पटत नाही. स्प्रिंग, धार आणि मुठीची गोलाई हे सगळं ज्या कारागिराने बसवलं, त्याने ते हाताने वापरण्यासाठी बसवलं.

आणि गंमत अशी, की याच मंडळींमध्ये सर्वांत मान कुणाला, तर ज्याच्या चाकूचं पातं झिजून निम्म्यावर आलंय त्याला. त्याच्याकडेही कपाटभर चाकू असतात, पण तो ते पाळीपाळीने खिशात घालतो. सोमवारी बार्लो, लग्नाकार्याला शिंगाच्या मुठीचा छोटा चाकू, मासेमारीला जुना ट्रॅपर. अशी माणसं भेटली की पहिला प्रश्न 'आज खिशात काय?' हाच असतो. मग दोघांचे चाकू टेबलावर येतात. दुसऱ्याचा चाकू उघडण्याआधी विचारायचं, पात्याला बोटं लावायची नाहीत, कारण घामाने डाग पडतो. आणि कुणी उघडा चाकू हातात दिला तर उघडाच परत करायचा. दुसऱ्याने उघडलेला चाकू आपण मिटला तर अपशकुन, असं जुनी माणसं मानतात.

ते वयस्कर सहकारी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला पिवळ्या मुठीचा एक स्टॉकमन दिला. त्यांचा स्वतःचा चाकू नातवासाठी ठेवलेला होता, हा माझ्यासाठी नवा आणलेला. डबीच्या झाकणाला आतून एक सेंटचं नाणं चिकटवलेलं होतं. मी ते काढून त्यांच्या हातावर ठेवेपर्यंत ते थांबून राहिले. चाकू फुकट दिला तर मैत्री कापली जाते, म्हणून घेणाऱ्याने नाणं परत देऊन तो 'विकत' घ्यायचा. आपल्याकडे आई मिरची किंवा कात्री हातात न देता खाली ठेवायची, भांडण होतं म्हणून. त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही, आपुलकीच वाटली.

या पिवळ्या चाकूचं पोलाद क्रोम व्हॅनेडियम जातीचं. धार पटकन लागते, पण गंजतंही. कोरडं पुसलं नाही तर तांबडे ठिपके पडतात. नीट वापरलं तर मात्र सफरचंदाच्या, लिंबाच्या आंबटाने पात्यावर करडी-निळी झाक चढते. तिला इथे 'पॅटिना' म्हणतात आणि ती तांबड्या गंजाला बरीच अडवते. माझ्या पात्याच्या पोटापाशी एक जांभळट पट्टा आहे, तो उन्हाळ्यातल्या आंब्यांचा. मधलं स्पे पातं अजून बरंच पांढरं आहे, कारण ते मी फक्त कागद आणि दोऱ्याला वापरतो. हे बघताना आजोबांच्या चंचीतला अडकित्ता हमखास आठवतो. सुपारी कातरून कातरून त्याच्या पात्यांना आलेला काळसर तुकतुकीतपणा हाच होता, आणि तोही घरात दुसऱ्या कुणी वापरलेला आजोबांना चालत नसे.

मुठींमध्ये फार मोलाची 'स्टॅग', आणि ती आपल्याकडच्या सांबराच्या शिंगाची. सांबर आपली शिंगं टाकतो. ती जंगलात वेचून परदेशी पाठवली जायची. हे शिंग भरीव असतं, आत पोकळ भेंड कमी, म्हणून घासून, पिना ठोकूनही तडकत नाही. भारताने या निर्यातीवर बंदी घातली आणि जुन्या साठ्यातल्या स्टॅगचे भाव वाढले. बंदी योग्यच आहे. वेचलेल्या शिंगांच्या आडून शिकारीची शिंगं सहज खपतात. पण प्रदर्शनात पन्नास वर्षांपूर्वीचा चाकू हातात घेतो आणि अंगठ्याखाली त्या शिंगाचे खडबडीत उंचवटे लागतात, तेव्हा ते आपल्याकडच्या कुठल्या जंगलातून आलं असेल हा विचार येतोच.

गावाकडची मंडळी विचारतात, हे कायद्यात बसतं का? इथे शाळेत, न्यायालयात आणि विमानाच्या केबिनमध्ये नाही. २०१३ च्या मार्चमध्ये छोटे चाकू विमानात नेऊ द्यायचं अमेरिकेत ठरलं होतं, पण विमान कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि जूनमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. विरोध बरोबरच होता. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत धार असलेला, खटका नसलेला घडीचा चाकू सार्वजनिक जागी कारण न देता बाळगता येतो. महाराष्ट्रात मात्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) खाली वेळोवेळी आदेश निघतात, त्यात चाकू बाळगण्यालाही मनाई असते. तेव्हा हौस म्हणून कुणी इथून नेलाच तर चेक-इन बॅगेतून न्यावा आणि तिकडे घरातच वापरावा.

नायगारा बघायला येणाऱ्यांना मी ब्रॅडफर्डची वाट वाकडी करायला सांगतो. केस कंपनी १९९३ पासून झिपो लायटरवाल्यांच्या मालकीची आहे आणि तिथे दोघांचं मिळून संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. घ्यायचाच असेल तर पिवळ्या मुठीचा घ्या. गवतात पडला तरी दिसतो. घेण्याआधी दुकानदाराला विचारून प्रत्येक पातं सावकाश उघडा, डावी-उजवीकडे हलत नाही ना ते बघा आणि मिटलेला चाकू उजेडापुढे धरून स्प्रिंग आणि मुठीच्या पट्ट्यांमध्ये फट नाही ना ते तपासा. फट दिसली तर दुसरा मागा, ते आनंदाने देतात.