न्यू जर्सीत हरतालिकेची पत्री

ऑगस्टच्या शेवटी इथे बाकी सगळं मिळतं. एडिसनच्या ओक ट्री रोडवर गेलं की हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, खारका, विड्याची पानं, उपवासाची वरई, सगळं एका फेरीत होतं. अडतं ते पत्रीपाशी. पुण्यात मंडईबाहेर बसलेल्या बायका कसला कसला पाला एका जुडीत बांधून देतात आणि त्यात नेमकं काय आहे हे आपण बघतही नाही. इथे एकेक पान स्वतः ओळखून तोडावं लागतं.

‘भारतातून येताना बेल घेऊन ये’ हा मार्ग बंद आहे. बेल लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्या कुळाच्या ताज्या पानांतून लिंबूवर्गीय झाडांचे रोग देशात येऊ नयेत म्हणून विमानतळावर ती काढून घेतात. कढीपत्त्याचंही तेच.

आणि इथे नव्याने आलेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. झाडांच्या बुंध्यावर, कुंपणावर चढलेला तीन-तीन पानांचा एक वेल हमखास दिसतो. बेलाची आठवण होऊन हात पुढे जाईल, पण तो वेल म्हणजे पॉयझन आयव्ही. त्याच्या चिकातलं उरुशिऑल नावाचं तेल कातडीला लागलं की पाणी धरलेले फोड येतात आणि पुढचे कित्येक दिवस खाजवण्यात जातात. आपल्याकडे त्रिदळ शंकराला वाहायचं, इथे दिसलं की दोन पावलं मागे सरायचं.

रुईने मात्र मला चकित केलं. फिरायच्या वाटेच्या कडेला मिल्कवीड नावाचं झुडूप माजलेलं असतं. जाडसर पान, खालून मऊ लव, देठ मोडला की पांढराशुभ्र चीक. रुईची ही सख्खी चुलत बहीण, दोघी एकाच कुळातल्या. याच दिवसांत तिच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या चरत असतात, मोनार्क फुलपाखराच्या. आपल्याकडे रुईवर जी पट्टेरी अळी असते, तिचं फुलपाखरू याच मोनार्कच्या गोतावळ्यातलं. मी पान तोडण्याआधी उलटून बघते. अळी असेल तर ते पान तिचं. आमच्याकडे रात्री बाराला रुईच्या पानाला मध लावून चाटायची पद्धत होती. मिल्कवीडच्या बाबतीत तो प्रयोग कुणी करू नका, चीक विषारी असतो. (रुईचाही असतोच, पण ते आजीला सांगून बघा!)

बाकीचं जमून जातं. शेजारच्या कुंपणाला रोझ ऑफ शॅरन फुललेलं असतं, ती जास्वंदच. दूर्वा म्हणजे इथलं बर्म्युडा ग्रास. आमच्या भागात लोक ते लॉनमधलं तण म्हणून उपटून टाकतात, मी उपटून देवाला वाहते. वाळू हार्डवेअरच्या दुकानातली, मुलांच्या खेळायची, गोणीभर. पिंडीला लागते दोन ओंजळी, उरलेली मुलांना.

‘चालतं का हे असं?’ असं इथल्या मैत्रिणी विचारतात. मुळात कहाणीतली पार्वती तरी कुठे यादी घेऊन गेली होती? नारदाच्या सांगण्यावरून बापाने विष्णूशी लग्न ठरवलं, तिला ते नको होतं, सखीने तिला रानात नेलं. नदीकाठची वाळू आणि हाताशी आलेला पाला, एवढ्यावर तिने पूजा मांडली. घरच्यांनी ठरवलेलं स्थळ नाकारून मैत्रिणीबरोबर निघून गेलेल्या मुलीची कहाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलींना डोळे मिटून ऐकायला लावतो, याची मला गंमत वाटते. त्याच कहाणीत शेवटी या दिवशी खाणाऱ्या बाईला वांझपण, वैधव्य, दारिद्र्य अशा धमक्या आहेत. तो परिच्छेद मी वाचत नाही. आई वाचते, आणि मी वगळला हे तिला लगेच कळतं.

कारण कहाणी आम्ही फोनवर एकत्रच वाचतो. २०२५ मध्ये भारतात हरतालिका २६ ऑगस्टला, मंगळवारी होती. आम्ही केली सोमवारी, २५ तारखेला. आईला वाटलं, सुटीच्या सोयीने उरकली. सुटी कुठली, ऑफिस करूनच उपवास! पुण्यात तृतीया सोमवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास लागली आणि मंगळवारी दुपारी दोनच्या आत संपली. आम्ही साडेनऊ तास मागे, म्हणजे आमच्याकडे ती सोमवारी पहाटे तीनला लागून मंगळवारी सूर्योदयाआधीच संपली. सूर्योदयाला तृतीया मिळाली ती सोमवारचीच. रात्री नऊला मी पूजेला बसले तेव्हा आईकडे मंगळवारचे सकाळचे साडेसहा, तीही नुकतीच पाटावर बसलेली. तारखा दोन, तिथी एकच. हे गणित तिला कागदावर मांडून पाठवलं तेव्हा कुठे पटलं.

२०२६ मध्ये तर आणखी गंमत आहे. भारतात १४ सप्टेंबरला हरतालिका आणि गणपती एकाच दिवशी आहेत, तृतीया सकाळी सातच्या सुमारास संपते. आमच्याकडे हरतालिका १३ ला, रविवारी, आणि गणपती सोमवारी. आईला आतापासून घोर लागलाय की घरात मोदकांचा नैवेद्य आणि तिचा कडकडीत उपवास, मग उकड नीट झाली का हे चाखून कोण बघणार. बाबांनी ती जबाबदारी घेतो म्हणून केव्हाच सांगून टाकलंय.