ब्राझीलचा पियानो ऐकायचाय? मग नाझारेथपासून

पियानो ऐकतो म्हटलं की लोक शोपँ-बेथोव्हन गृहीत धरतात. मी ब्राझीलचं नाव काढलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'तिकडे सांबा सोडून आणखी काय आहे? आणि ऐकायचंच तर सुरुवात कुठून करायची?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ब्राझीलचा सगळ्यांत गाजलेला संगीतकार व्हिला-लोबोस, पण त्याच्यापासून नको, एर्नेस्तो नाझारेथपासून करा.

नाझारेथ (1863–1934) हा रिओचा पियानोवादक आणि संगीतकार. दैवत शोपँ, पण पोटासाठी तो वाजवायचा सिनेमागृहाच्या प्रतीक्षालयात आणि छापील स्वरलिपी विकणाऱ्या दुकानात. गिऱ्हाइकानं नवी रचना निवडली की ती वाजवून दाखवायची, हे काम. 'ओडेऑन' (1909) ही त्याची रचना त्या सिनेमागृहाच्याच नावाची. ती ऐकताना डाव्या हाताकडे लक्ष ठेवा. चाल तिथे, खालच्या सुरांत चालते आणि उजवा हात नुसती दाद दिल्यासारखा वरून ठोके टाकतो. रिओत शोरो, म्हणजे तिथलं लोकप्रिय वाद्यसंगीत, वाजवणाऱ्यांच्या ताफ्यात बासरी, गिटार आणि कव्हाकिन्यो हे चार तारांचं छोटं वाद्य असे. गिटारच्या खर्जाच्या तारांचं काम इथे डाव्या हातानं उचललंय. त्याच्याच 'आपान्येइ-ती, कव्हाकिन्यो'मध्ये उजवा हात बासरी होतो आणि डावा कव्हाकिन्यो. दिवाणखान्यातल्या वाद्यावर अख्खा ताफा!

लय अवघड वाटते, पण आपल्याला वाटू नये. लघु-गुरु-लघु-गुरु-गुरु. 'कुणास सांगू' एवढंच एका चालीत पुन्हा पुन्हा म्हणून बघा. उपेंद्रवज्रा पाठ असेल तर तिची पहिली पाच अक्षरं हीच. अर्थात कागदावरच्या मात्रा जमल्या तरी त्यातला झोल जमतोच असं नाही. दार्यूस मियो हा फ्रेंच संगीतकार 1917-18मध्ये रिओच्या फ्रेंच वकिलातीत होता. त्यानं असल्या रचनांच्या प्रती विकत आणल्या, आणि ती किंचित अडखळ बोटांत बसवताना त्याची चांगलीच दमछाक झाली.

नाझारेथ या रचनांवर 'टँगो' असं छापायचा. लय बहुतेकदा माशिशे नाचाची, पण तो नाच सभ्य घरांत चालत नसे. किती चालत नसे? शिकिन्या गोंझागा (1847–1935) या संगीतकार बाईंचं उदाहरण घ्या. नवऱ्याला सोडून पियानोवर पोट भरलेलं, गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत उतरलेल्या. त्यांचा माशिशेच्या लयीतला 'कोर्ता-जाका' 1914मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीनं, नायर दी तेफे यांनी, थेट राजवाड्यातल्या समारंभात गिटारवर वाजवला, तर सिनेटर रुई बार्बोझा यांनी सिनेटमध्ये त्यावर आगपाखड केली. मला हा प्रसंग फार आवडतो. एका सुरावटीनं संसद तापावी!

आता व्हिला-लोबोस. हा मुळात चेलो आणि गिटारवाला, ओडेऑन सिनेमागृहाच्या वाद्यवृंदात चेलो वाजवलेला. 'शोरोस' या त्याच्या मालिकेतली पहिली रचना त्यानं नाझारेथलाच अर्पण केलीय. 1918च्या 'बाळाचं कुटुंब' या मालिकेत एकेका बाहुलीवर एकेक तुकडा आहे. आर्थर रुबिनस्टाइन या विख्यात पियानोवादकानं 1922मध्ये ती रिओत वाजवली. त्यातला 'पोलिशिनेलो' जेमतेम दीड मिनिटाचा, आणि तो ऐकून न हसणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्याच रुबिनस्टाइनला वाहिलेला 'रुदेपोएमा' मात्र वीसेक मिनिटांचा रानटी कल्लोळ. थोर असेल, मी दमतो.

वाजवणाऱ्यांत गियोमार नोव्हाइस आणि नेल्सन फ्रेइरी ही नावं जगभर गाजली, पण बऱ्याच अंशी शोपँ-शूमानसाठी. नाझारेथकरता आर्तुर मोरेइरा लिमा ऐका. 1970च्या दशकात त्यानं या रचना मैफलीच्या तोलानं ध्वनिमुद्रित केल्या. पुढे तर तो ट्रकवर पियानो लादून गावोगाव वाजवत फिरला. फ्रेइरीचा 'ब्राझिलेइरो' हा अल्बम त्यानंतर घ्या, त्यात व्हिला-लोबोस आपसूक येतो.

एवढ्यावर भूक भागली नाही तर कामार्गो ग्वार्निएरी या ब्राझिली संगीतकाराचे पन्नास 'पोंतेयो', म्हणजे पियानोचे छोटे तुकडे, आहेत, 1931 ते 1959 दरम्यान रचलेले. एका बैठकीला तीन-चार पुरे.