लिहून देणार, लिहून घेणार

"म्हणजे मॅडम, नवरा-बायको असते तर दोनशे रुपये, आणि आम्ही आहोत म्हणून सहा लाख?"

शरदराव खुर्चीत पुढे सरकून विचारत होते. (दोघांचीही नावं बदलली आहेत.) शेजारी अविनाशराव, मांडीवर कापडी पिशवी. दोघेही साठी ओलांडलेले.

मी दादरला वकिली करते. वीस वर्षं बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं आणि सोसायट्यांची भांडणं यांतच गेली, त्यामुळे हा हिशेब तोंडपाठ आहे. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा आईवडिलांनी मुलांना बक्षीस दिलं, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. परक्याला दिलं तर बाजारभावावर टक्केवारी. शरदरावांचा परळचा फ्लॅट दोन कोटींच्या घरातला. त्यातला अर्धा हिस्सा अविनाशरावांच्या नावे करायचा म्हटला, तर एक कोटीवर साधारण सहा टक्के. शिवाय घेणाऱ्यावर प्राप्तिकर. जोडीदार कायद्याने पती किंवा पत्नी असेल तर भेट करमुक्त. परक्याकडून ५० हजारांच्या वर आलं की ते उत्पन्न धरतात.

'परका' हा शब्द मी सवयीने दोनदा वापरला. दुसऱ्यांदा वापरला तेव्हा अविनाशरावांनी पिशवीतून प्लास्टिकचा फोल्डर काढला आणि त्यातला कागद माझ्यासमोर ठेवला. मॅसॅच्युसेट्स राज्याचा विवाह दाखला, २००५ सालचा. खालच्या कोपऱ्यात उठावाचा शिक्का होता. "हात लावून बघा," ते म्हणाले. मी बोट फिरवलं. वीस वर्षांत शिक्क्याच्या कडा थोड्या झिजल्या होत्या, पण अक्षरं बोटाला लागत होती.

मे २००४ मध्ये समलिंगी विवाहाची नोंद करणारं मॅसॅच्युसेट्स हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. हे दोघे तेव्हा बॉस्टनला नोकरी करत होते. २००८ साली शरदरावांची बदली ह्यूस्टनला झाली, आणि टेक्सासच्या हद्दीत शिरल्यावर हाच दाखला निकामी झाला. त्या राज्याने असे विवाह आपल्या घटनेतच नाकारले होते. तिथल्या केंद्र सरकारच्या लेखीही २०१३ पर्यंत दोघे अविवाहितच. करविवरणपत्र वेगवेगळं भरायचं. मग २६ जून २०१५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला आणि सगळ्या राज्यांना हा विवाह मान्य करावा लागला. "त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर घरी आलो," शरदराव सांगत होते, "आणि दाखला कपाटातून काढून फ्रिजवर लावला. महिनाभर तिथेच होता."

२०१८ च्या सप्टेंबरात इथे ३७७ कलमाचा निकाल लागला, समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, तेव्हा दोघांना धीर आला. पुढच्या वर्षी शरदरावांच्या आईचं करायला म्हणून ते मुंबईला आले. आई गेल्या, हे दोघे राहिले.

"विमानातून उतरलो आणि परत टेक्सास," अविनाशराव म्हणाले.

१७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा समलिंगी विवाहाबद्दलचा निकाल मी याच टेबलाशी बसून मोबाइलवर ऐकला होता. एप्रिल-मेमधली दहा दिवसांची सुनावणीही जमेल तशी ऐकली होती आणि मला मनापासून आशा होती. पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की विवाहाचा असा मूलभूत हक्क घटनेत नाही, विशेष विवाह कायद्यात शब्द घालणं हे संसदेचं काम. जोडप्यांच्या नात्याला निदान 'युनियन' म्हणून, म्हणजे विवाह न म्हणता कायदेशीर नातं म्हणून, मान्यता देण्याचा प्रश्नही तीन विरुद्ध दोन मतांनी मागे पडला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. मला हा निकाल तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. संसदेकडे बोट दाखवलं, पण माणसं आजारी पडायची थांबतात का?

दोघे माझ्याकडे आले तेही त्याच कारणाने. गेल्या पावसाळ्यात शरदरावांना छातीत कळ आली. रुग्णालयाच्या काउंटरवर संमतीपत्र अविनाशरावांच्या हातातून परत घेतलं गेलं. "जवळचं कोणी बोलवा." नाशिकचा भाऊ पोहोचेपर्यंत पाच तास गेले. तोच भाऊ कायद्याने वारस. मृत्युपत्र नसेल तर फ्लॅट त्याचा.

बँकेचं काम झालेलं होतं. अशा जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. सोसायटीतही नॉमिनेशन होतं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मला समजावून सांगावं लागलं. बक्षीसपत्राचा मसुदा मी तयार ठेवला होता. तो शरदराव शब्दन् शब्द वाचत होते. 'लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' या ओळीवर थांबले.

"हे सगळ्यांना लिहिता का?"

"सगळ्यांना."

"मग आम्हालाही चालेल की."

सहा लाख आणि वर कर, हे त्यांना झेपणारं नव्हतं. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. मी तोच मार्ग सुचवला, आणि इस्पितळासाठी एकमेकांच्या नावे अधिकारपत्रं. मृत्युपत्रात नातं काय लिहायचं यावर आम्ही बराच वेळ घातला. 'मित्र' लिहायला शरदराव तयार नव्हते. शेवटी मी लिहिलं: 'ज्यांच्याशी माझा विवाह २००५ साली बॉस्टन येथे झाला, ते श्री. अविनाश.' यात एकही शब्द खोटा नाही, आणि उद्या पुतण्यांनी हरकत घेतली तर हेच वाक्य उपयोगी पडेल. मागे दाखल्याची प्रत जोडली.

दुय्यम निबंधक कार्यालयात आमचा नंबर दुपारी दोनला लागला. "स्वखुशीने करताय ना?" साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. शरदराव हो म्हणाले. साहेब वाचत त्या वाक्यापाशी आले, पुन्हा एकदा वाचलं, मागची प्रत उलटून पाहिली. माझ्या तोंडाला कोरड पडली होती. मग त्यांनी कागद फिरवून पुढे केला. "डावा अंगठा इथे. आजोबा, कॅमेऱ्याकडे बघा."

भेटीवरच्या त्या कराविरुद्ध एका समलिंगी जोडप्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयात २०२५ साली दाखल झाली आहे. तिची प्रत्येक तारीख मी डायरीत लिहून ठेवते. बक्षीसपत्राचा मसुदा अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे. फक्त तारखेची जागा कोरी आहे.