आमची वाटचाल : कार्बोरेटर, मंडळाची वर्गणी आणि १२० नंबरचं जेट

हौशी गाडीवाल्यांचं मंडळ आणि आमचं कार्बोरेटरचं वर्कशॉप यांची खाती वेगळी आहेत. मंडळाच्या वर्गणीतून आमच्याकडे एक स्क्रूसुद्धा येत नाही. तरी ‘मंडळ म्हणजे यांची फुकटची जाहिरात’ असं म्हणणारे आजही भेटतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

कार्बोरेटर म्हणजे इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. धंदा उभा राहिला तो त्याच्या थ्रॉटल स्पिंडलवर, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणारी चकती ज्या दांड्यावर फिरते त्यावर. बॉडीतलं स्पिंडलचं भोक झिजून लांबट होतं, तिथून चोरटी हवा आत जाते आणि आयडलिंगला (इंजिन मंद चालू असताना) मिश्रण पातळ पडतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. मेकॅनिक बिचारा मिक्श्चर स्क्रू पिळत बसतो. गाडी त्याला दाद देत नाही, कारण दोष स्क्रूत नसतोच. इंजिन चालू ठेवून स्पिंडलच्या टोकांवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा (गरम एक्झॉस्टवर नव्हे, भडका उडेल). इंजिनचा आवाज बदलला तर हवा तिथूनच जाते आहे.

आमच्या पहिल्या भागीदारांना सगळे लेथवाले काका म्हणत. बॉडी फ्लँजवर (इंजिनला जोडायच्या सपाट कडेवर) बसवून दोन्ही बाजूंची भोकं एकाच सेटिंगमध्ये मोठी करायचं फिक्श्चर, म्हणजे बॉडी धरून ठेवणारी पकड, त्यांनी बनवली. एक बाजू करून बॉडी उलटी केली की रेषा चुकते आणि नवा स्पिंडलही अडकतो. मोठ्या केलेल्या भोकांत बसवायचे बुश (नळीसारखी अस्तरं) फॉस्फर ब्राँझचे. ते दाबून बसवल्यावर पुन्हा एका रेषेत रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) फिरवायचा आणि ८ मिमी स्पिंडलला ०.०२ ते ०.०४ मिमी ढिलाई ठेवायची. त्याहून घट्ट ठेवलं तर गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर परत येत नाही. थ्रॉटलच्या चकतीच्या स्क्रूंची टोकं कारखान्यातच फाकवलेली असतात. ती कानशीने घासल्याशिवाय स्क्रू काढला की स्पिंडलचे आटे गेलेच म्हणून समजा. परत लावताना नवे स्क्रू घ्या. ते अर्धवट आवळून चकती पूर्ण बंद करा, म्हणजे ती आपोआप मधोमध बसते. मग स्क्रू आवळा, आट्यांना लॉक लावा आणि टोकं पुन्हा फाकवा. सुटलेला स्क्रू खाली पडत नाही, सिलिंडरमध्ये जातो. काकांनी पुढे भागीदारी सोडली, पण फिक्श्चर इथेच राहिलं आणि रोज चालतं.

मधली वर्षं कामात गेली.

मग एका प्रतिस्पर्ध्याने ओव्हरहॉल किट (कार्बोरेटरच्या बदलायच्या सुट्या भागांचा संच) आणलं. आमच्याच किटसारखं खोकं, आतल्या कागदावर आमचीच आकृती, दर आमच्याहून बराच कमी. बॉडीचं काम गिऱ्हाईक आमच्याकडून करून घ्यायचं, किट त्यांचं बसवायचं आणि गाडी काळा धूर सोडायला लागली की दोष आमच्या माथी. प्लग काजळीने काळे, इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास, परत आलेल्या बॉड्यांनी फळी भरलेली. आगाऊ रकमा परत करता करता लेथ विकायची बोलणी सुरू झाली होती.

त्या काळात एकच गिऱ्हाईक डगमगलं नाही. आम्ही त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतो. त्यांच्या गाडीला एसयू जातीच्या कार्बोरेटरची जोडी, ज्यात तेलाने दबलेला पिस्टन वर-खाली होतो. व्हॅक्यूम गेजचं वाचन, डॅशपॉटमधल्या तेलाची पातळी, दोन्ही पिस्टन खाली यायला लागणारा वेळ, सगळं वहीत लिहून आणणारा माणूस. भांडण न करता दोन्ही किटं मंडळाच्या बैठकीत ठेवून मोजा, असं त्यांनीच सुचवलं. मोजली. प्रतिस्पर्ध्याच्या किटमधल्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर) आकडा १२०, म्हणजे भोक १.२० मिमी हवं. १.२६ ची पिन गेज (नेमक्या व्यासाची मापाची सळई) आरपार गेली. व्यासात फरक ५ टक्के, पण क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढतं. शिवाय पेट्रोलची आवक बंद करणाऱ्या नीडल व्हॉल्व्हची सीट तिरकी होती, त्यामुळे फ्लोटची (चेंबरमध्ये पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) पातळी चढलेलीच राहायची. (जेटच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. काही कंपन्या तो व्यासावरून देतात, काही प्रवाहावरून. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. तार घालून जेट साफ करणाऱ्याला तर गाडीच देऊ नका.)

तो प्रतिस्पर्धीही मंडळात होता; त्याला काढा, अशी मागणी झाली. आम्ही विरोध केला, कारण त्याला काढून आमचा फायदा झाला असता आणि संशयही आमच्यावरच आला असता. त्याऐवजी मंडळाने नियम केले. स्पिंडलची ढिलाई, फ्लोटची पातळी आणि इग्निशन टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) ही तीन मापं सांगितल्याशिवाय ट्यूनिंगच्या प्रश्नाला कुणी उत्तर द्यायचं नाही. विक्रेत्याने स्वतःच्या मालाबद्दल बोलायचं तर आधी विक्रेता असल्याचं सांगायचं. आमच्याविरुद्धची तक्रार आम्ही सोडून दुसऱ्या कुणीतरी तपासायची. टायमिंगचा आग्रह विशेष, कारण कार्बोरेटरची म्हणून आलेली तक्रार पुष्कळदा इग्निशनच्या झिजलेल्या पॉइंटची निघते. प्रतिस्पर्धी आपणहून यायचा थांबला. त्याने माफी मागितली नाही, आणि आमच्या आकृतीचा कागद अजून त्याच्या खोक्यात असतो.

सभासदांच्या पैशांचा खरा उपयोग झाला तो डायफ्रॅमला, म्हणजे रबराच्या पडद्याला. ॲक्सिलरेटर दाबताच जादा पेट्रोलचा झटका देणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम बाजारात मिळेना, आणि साचा एकट्या वर्कशॉपला झेपणारा नव्हता. सभासदांनी आगाऊ रक्कम मंडळाच्या वेगळ्या खात्यात भरली, खातं चालवायला दोन सभासदांच्या सह्या लागतात आणि आमची त्यात नाही. साचाही मंडळाच्या मालकीचा. साचेवाल्याला पैसे तीन टप्प्यांत द्यावेत: पोलाद घेताना, नमुने पास झाल्यावर आणि पूर्ण माल मोजून घेतल्यावर. नमुन्याआधी निम्म्याहून जास्त देणाऱ्याला पुढे फक्त फोन करत बसावं लागतं.

नमुना पास करायची आमची पद्धत अशी. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ७२ तास बुडवायचा, बाहेर काढल्याबरोबर जाडी आणि व्यास मोजायचा. मग पूर्ण वाळवून पुन्हा मोजायचा आणि दुमडून भिंगाखाली भेगा बघायच्या. फुगलेला डायफ्रॅम कडेला चुणी पाडतो आणि झाकणाखालून गळतो. वाळून आक्रसलेला त्याहून वाईट, कारण गाडी महिनाभर उभी राहिली की पंपाचा पहिला झटकाच मिळत नाही. पिशवीवर बनवल्याची तारीख हवीच. डायफ्रॅमचं नायट्राइल रबर अंधारात ठेवावं, इलेक्ट्रिक मोटारींपासून लांब, कारण ठिणग्यांमुळे तयार होणारा ओझोन त्याला भेगा पाडतो.

पुढचा साचा फ्लोट चेंबरच्या गॅस्केटचा आहे. मागणी नोंदवताना बॉडीवरचा नंबर आणि जुन्या गॅस्केटची जाडी, दोन्ही द्या. नुसतं गाडीचं नाव सांगितलेली नोंद घेतली जात नाही. फ्लोट झाकणाला टांगलेला असेल तर जाडी ०.५ मिमीने चुकली तरी फ्लोटची पातळी तेवढीच सरकते.