१३४८च्या खुणा शोधत सिएनामध्ये दोन दिवस

फ्लॉरेन्सला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी सिएना हे गाव अर्ध्या दिवसात उरकतात. शिंपल्याच्या आकाराचा चौक पाहतात, कॅथीड्रलसमोर छायाचित्र काढतात आणि संध्याकाळच्या बसने परततात. आम्ही उभयतांनी गेल्या ऑक्टोबरमध्ये तेथे दोन रात्री मुक्काम केला. १३४८ सालच्या प्लेगने एका भरभराटीच्या शहराचे काय केले, हे दगडविटांत पाहायला मिळेल, अशी दुसरी इतकी चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही. मात्र प्लेगचे स्मारक शोधत जाऊ नये. येथे पाहायचे असते ते मुख्यतः बांधायचे राहून गेलेले.

फ्लॉरेन्सच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळून सुटणारी जलद बस सुमारे सव्वा तासात थेट वरच्या जुन्या शहराच्या कडेला सोडते. रेल्वेला साधारण दीड तास लागतो, काही वेळा एम्पोलीला गाडी बदलावी लागते आणि स्थानक टेकडीच्या पायथ्याशी आहे. आम्ही रेल्वेने गेलो आणि सामान ओढत चढ चढलो. स्थानकासमोरच्या व्यापारी संकुलातून सरकते जिने वर नेतात, हे आम्हाला परतताना कळले. छापील प्रादेशिक तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात ठसा मारून घ्यावे लागते, एरवी दंड होतो.

पहिल्या सकाळी कॅथीड्रलकडे जाऊ नये, तर पालाझ्झो पुब्लिको या नगरसभागृहात जावे. आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९मध्ये रंगवलेली सुशासन आणि कुशासन यांची भित्तिचित्रे तेथे आहेत. नऊ जणांचे मंडळ त्या वेळी शहराचा कारभार पाहत असे आणि त्याच मंडळाच्या दालनात ती काढलेली आहेत. सुशासित शहराच्या चित्रात रस्त्यावर फेर धरून नाचणारी मंडळी आहेत, जोड्यांचे दुकान आहे, विद्यार्थ्यांसमोर बसलेला शिक्षक आहे, वेशीतून मालाने लादलेली जनावरे ये-जा करीत आहेत आणि एका उंच इमारतीवर गवंडी काम करीत आहेत. माझी सर्वांना विनंती आहे की, त्या गवंड्यांपाशी जरा थांबावे. चित्र पूर्ण झाल्यावर दहा वर्षांच्या आत शहरातले मोठे बांधकाम थांबले. आम्ब्रोजोने ९ जून १३४८ रोजी मृत्युपत्र केले आणि त्यानंतर तो आणि त्याचा चित्रकार भाऊ पिएत्रो या दोघांचाही मागमूस लागत नाही. दोघे प्लेगनेच गेले असावेत, असे मानले जाते. या दालनात अधूनमधून जतनाचे काम चालते, तेव्हा ते खुले आहे की नाही याची आधी खात्री करून घ्यावी.

साथ येथे पोचली तो मार्ग व्यापाराचाच होता. काळ्या समुद्राकडून आलेल्या जेनोआच्या जहाजांबरोबर ऑक्टोबर १३४७मध्ये ती सिसिलीतील मेस्सिना बंदरात उतरली, पुढच्या काही महिन्यांत पिसासारखी बंदरे गाठून आत शिरली आणि मे १३४८मध्ये सिएनात फैलावली. आग्नोलो दि तूरा या तेथील बखरकाराने लिहून ठेवले आहे की, बापाने मुलाला आणि भावाने भावाला टाकले, खोल खड्डे खणून त्यांत प्रेतांचे थर रचले गेले आणि त्याने स्वतः आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरली. त्याने शहरातील मृतांचा आकडा ५२ हजार दिला आहे. साथीपूर्वीची शहराची वस्तीच सुमारे ५० हजार मानली जाते, तेव्हा हा आकडा हिशेब म्हणून घेता येणार नाही. पाच मुलांच्या बापाला आजूबाजूला सगळेच मेल्यासारखे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. निम्मे शहर गेले असे धरले, तरी ते पुरेसे भयंकर आहे.

सभागृहाच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी संगमरवराचे एक छोटे प्रार्थनास्थळ आहे, ज्याच्याकडे चौकातील गर्दी पाठ करून बसलेली असते. साथीच्या वेळी बोललेला नवस फेडण्यासाठी १३५२मध्ये त्याचे काम सुरू झाले. साथ चालू असताना नगरसभेने जुगारावर कायमची बंदी घातली होती. पुढे तिजोरीत खडखडाट झाल्यावर १३४८मध्येच ती उठवली, कारण जुगारापासून उत्पन्न मिळत असे. मनोरा चढायचा असल्यास सुमारे ४०० पायऱ्या आहेत, पण गुडघे जपून ठेवायचे असतील तर ते दुपारसाठी ठेवावेत.

दुपार फाचातोनेसाठी, म्हणजे ‘मोठ्या दर्शनी भिंती’साठी. १३३९मध्ये सिएनाने ठरवले होते की, उभे असलेले कॅथीड्रल केवळ आडवा भाग म्हणून ठेवायचे आणि त्याला काटकोनात नवा प्रचंड मुख्य मंडप जोडायचा. १३४८मध्ये काम बंद पडले. आज त्या मंडपाच्या जागी उघडा चौक आहे, एका बाजूची कमानींची रांग भिंत घालून बंद केलेली आहे आणि तिच्या आत कॅथीड्रलचे संग्रहालय आहे. टोकाला ती भिंत एकटीच उभी आहे, मागे मंडप नाही आणि वर छप्पर नाही. संग्रहालयातून, दूच्चोचे १३११मधले भव्य वेदीचित्र पाहून, अरुंद गोल जिन्याने तिच्या माथ्यावर जाता येते. एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात, त्यामुळे रांग लागते. कॅथीड्रल आणि संग्रहालय यांचे एकत्रित तिकीट घेतले की वेगळे पैसे पडत नाहीत. ज्यांना बंद, चिंचोळ्या जागेचा त्रास होतो, त्यांनी मात्र खालच्या चौकातूनच पाहावे. वर उभे राहिले की पायाखालचा चौक आणि समोरचे कॅथीड्रल एका नजरेत येतात आणि केवढी इमारत मनात धरली होती, हे तेव्हाच उमगते.

मार्गदर्शक मंडळी सगळा दोष प्लेगवर टाकून मोकळी होतात, ते मला पटत नाही. नव्या बांधकामात मुळातच दोष होते. ते तपासणीत आढळल्यामुळे १३५७मध्ये काही भाग पाडून टाकावा लागला आणि बेत कायमचा सोडण्यात आला. परंतु पैसा, कारागीर आणि देखरेख करणारी माणसे शिल्लक असती, तर दोष दुरुस्त करण्याचा प्रयत्न झाला असता, एवढे म्हणता येईल. नवांचे मंडळही १३५५मध्ये उलथले.

कॅथीड्रलच्या पायऱ्यांसमोरच सांता मारिया देल्ला स्काला हे जुने रुग्णालय आहे. रोमच्या यात्रामार्गावरील वाटसरू, आजारी आणि टाकून दिलेली मुले यांची सोय करणाऱ्या या संस्थेत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत रुग्ण होते, आता ते संग्रहालय आहे. वारस न राहिलेली घरे मृत्युपत्राने अशाच संस्थांकडे गेली. त्या इतक्या संपन्न झाल्या की, नगरसभेने त्यांची वार्षिक मदत काही काळ थांबवली. यात्रेकरूंच्या दालनात पंधराव्या शतकातील चित्रे आहेत, त्यांत जखम धुणारे सेवक आणि अन्नदान दिसते. या इमारतीसाठी किमान दोन तास ठेवावेत.

शाकाहारींची येथे अडचण होत नाही. लसूण आणि टोमॅटोच्या रश्शातील पीची, म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया, बहुतेक ठिकाणी मिळतात. घेवड्याचे आणि पावाचे रिबोल्लिता सूपही मिळते, मात्र त्यात मांसाचा रस नाही ना, हे विचारून घ्यावे. बिलात माणशी बसण्याचा आकार लावतात, ती फसवणूक नव्हे. २ जुलै आणि १६ ऑगस्ट या घोडशर्यतीच्या दिवसांच्या आसपास मात्र जाऊ नये, कारण तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि चौकात पाय ठेवायला जागा नसते.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही उतरणीने फोंतेब्रांदाच्या विटांच्या कमानींच्या जुन्या पाणवठ्यापाशी गेलो. त्याच आळीत १३४७मध्ये संत कॅथरिनचा जन्म झाला. म्हणजे साथ आली तेव्हा ती तान्ही होती. १३७४मध्ये प्लेग परतला, तेव्हा तिने रुग्णांची सेवा केली. पुण्याकडच्या माणसाला येथे १८९७ आठवतेच. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या, आणि साडेपाचशे वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन्ही साथींचा जिवाणू एकच. संत कॅथरिनच्या घराच्या जागी आता देवस्थान आहे, तेथे खांदे झाकलेले असावेत. परत चढताना पायवाटेने जाऊ नये, पाणवठ्याजवळून थेट कॅथीड्रलच्या बाजूला नेणारे सरकते जिने आहेत.