पॅसेंजरने पाहिलेलं ब्लॅक फॉरेस्ट

आपल्याकडून जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टला जाऊन आलेले बहुतेक लोक टिटिझे तलाव आणि कुकू घड्याळांचं दुकान एवढंच सांगतात. त्यांचा दोष नाही, ग्रुप टूरची बस तिथेच थांबते. तासभर तलाव, घड्याळाचं प्रात्यक्षिक, केकचा तुकडा आणि पुढे स्वित्झर्लंड. माझं मत मात्र आता ठाम झालंय की हा भाग बसच्या काचेतून नाही, तर प्रत्येक स्टेशनात थांबणाऱ्या गाडीतून पाहावा. इथलं घड्याळ, इथली रेल्वे, शेतकऱ्याचं घर आणि इथलं खाणं या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि ते उतरत-चढत गेल्याशिवाय कळत नाही.

आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो होतो. नवरा, मी आणि सासूबाई, त्याही पक्क्या शाकाहारी. तेव्हा ‘तिथे खायचं काय’ या प्रश्नाचं उत्तर पुढे सविस्तर आहे.

आधी पैशाची गोष्ट. ब्लॅक फॉरेस्टमधल्या बऱ्याच गावांत लॉजवर उतरलात की तिथला पर्यटन कर भरावा लागतो आणि त्या बदल्यात कोनुस नावाचं पाहुण्यांचं कार्ड मिळतं. ते दाखवून या पट्ट्यातल्या लोकल गाड्या आणि बस फुकट. खोली बुक करतानाच ‘कोनुस मिळतं का’ असं विचारून घ्या, कारण सगळी गावं या योजनेत नाहीत. आयसीईसारख्या जलद गाड्यांत ते चालत नाही, पण इथे तुम्हाला जलद गाडी नकोच आहे. जर्मनीत इतरत्रही महिनाभर भटकणार असाल तर डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरातल्या लोकल गाड्या-बसचा मासिक पास, बघा. २०२५ मध्ये ते महिन्याला ५८ युरोंना होतं. फक्त ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं, त्यामुळे महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करायचं विसरू नका.

फ्रँकफर्ट विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. तिथून ओफेनबुर्ग आणि ओफेनबुर्गहून दहाएक मिनिटांवर गेंगेनबाख. मुक्कामाला हे गाव मी डोळे झाकून सुचवेन. जुन्या वेशी, लाकडी चौकटींत माती-चुना भरून बांधलेली घरं, खिडक्यांत जिरेनियमच्या कुंड्या आणि संध्याकाळी सात वाजता सगळं शांत. डिसेंबरात इथल्या नगरपालिकेच्या इमारतीच्या चोवीस खिडक्यांचं ख्रिसमसचं कॅलेंडर होतं आणि रोज संध्याकाळी एकेक खिडकी उघडते. तेव्हा गर्दी तुफान असते, सप्टेंबरात कुत्रं विचारत नाही.

गेंगेनबाखहून ‘श्वार्त्सवाल्डबान’ म्हणजे ब्लॅक फॉरेस्टची रेल्वे पकडायची. ओफेनबुर्ग ते सिंगेन, १८६३ ते १८७३ या काळात बांधलेली, ३९ बोगद्यांची. हाउसाख सोडल्यावर गाडी डोंगर चढायला लागते आणि होर्नबेर्गच्या पुढे तर एकदा डावीकडे दिसलेलं शेत थोड्या वेळाने उजवीकडे, खाली दिसतं. रॉबर्ट गेर्विग या इंजिनिअरने दरीतच मोठमोठी वळणं टाकून रुळांची लांबी वाढवली आणि चढ ५० ला १ एवढाच ठेवला. आपला बोरघाट १८६३ मध्ये, म्हणजे इथलं काम सुरू झालं त्याच वर्षी खुला झाला. तिथे चढ ३७ ला १, आणि खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवायचं स्टेशन होतं. लोणावळ्याच्या बाजूने रेल्वे बघत वाढलेल्या नवऱ्याला मग दिवसभर दुसरा विषय नव्हता. ट्रिबेर्ग स्टेशनाशेजारी गेर्विगचं स्मारक आहे आणि गावाच्या वरच्या जंगलातून रेल्वेची वळणं दिसतील अशी खास पायवाट आखलेली आहे. ट्रिबेर्गच्या प्रसिद्ध धबधब्यापेक्षा मला ती जास्त आवडली.

पण ट्रिबेर्गच्या आधी गुताखला उतरा. तिथे फोग्ट्सबाउएर्नहोफ नावाचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. त्यातलं मुख्य घर १६१२ पासून त्याच जागी उभं आहे, बाकीची ठिकठिकाणहून सुटी करून आणून इथे पुन्हा उभारली आहेत. मार्चअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडं असतं, हे ध्यानात ठेवा. निदान अर्धा दिवस द्या.

छप्पर जवळजवळ जमिनीला टेकलेलं. त्याखाली माणसं, गुरं, चारा, सगळं एकत्र. डोंगरउताराचा फायदा घेऊन मागच्या बाजूने गवताची गाडी थेट माळ्यावर जाते, म्हणजे गवत वर चढवायचे कष्ट नाहीत. स्वयंपाकघरात शिरलात की काळ्याकुट्ट भिंती दिसतात. जुन्या घरांना धुराडं नव्हतं. चुलीचा धूर घरभर फिरून छपरातून बाहेर पडायचा, जाता जाता लाकूड किडीपासून राखायचा, धान्य वाळवायचा आणि आढ्याला टांगलेल्या डुकराच्या मांड्यांना धुरी द्यायचा. हाच तो ब्लॅक फॉरेस्ट हॅम. आता तो कारखान्यांत होतो, पण धुरी अजूनही फर आणि स्प्रूसच्या लाकडाचीच लागते. सासूबाई त्या मांड्यांकडे न बघता चुलीकडेच बघत होत्या, “हे आमच्या माजघरासारखंच काळं,” म्हणाल्या.

ते लाल गोंड्यांचं टोपडं, जे जर्मनीच्या प्रत्येक जाहिरातीत दिसतं, तेही इथलंच. सगळ्या ब्लॅक फॉरेस्टचं नाही बरं का, गुताख, किर्नबाख आणि राइशेनबाख या तीनच गावांचं. लोकरीचे १४ गोंडे, त्यातले अकराच दिसतात. लाल गोंडे अविवाहित मुलीचे, काळे लग्न झालेल्या बाईचे. वजन दोन किलोपर्यंत. एरवी ते फक्त सणासमारंभाला डोक्यावर चढतं, त्यामुळे रस्त्यात कुणी घातलेलं दिसेल या आशेवर राहू नका.

ट्रिबेर्ग स्टेशन खाली आणि गाव वर आहे. सामान असेल तर बसच घ्या. धबधबा एकूण १६३ मीटरचा, पण सात टप्प्यांत. सह्याद्रीतला पावसाळा बघितलेल्या माणसाने अपेक्षा बेताची ठेवावी. तिकीट आहे. मुख्य रस्ता म्हणजे घड्याळांच्या दुकानांची रांग. इथे काही विकत घेऊ नका, आधी बसने फुर्टवांगेनला जा.

फुर्टवांगेनचं घड्याळ संग्रहालय हा माझ्या दृष्टीने या प्रवासाचा गाभा. पूर्वी इथल्या डोंगरी भागात शेताचे तुकडे करत नसत. अख्खी वाडी एकाच मुलाला, आणि बहुधा धाकट्याला. मग थोरल्या भावंडांनी करायचं काय? बर्फात अडकलेल्या हिवाळ्यात लाकडाची घड्याळं करायची. सुरुवातीला चाकं, दातेसुद्धा लाकडाचेच. फिरते विक्रेते ती पाठीवरच्या चौकटीला बांधून देशोदेशी विकत हिंडायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर धंदा गडबडला, तेव्हा बाडेन या इथल्या तेव्हाच्या संस्थानाच्या सरकारने १८५० मध्ये इथे घड्याळाची शाळा काढली. तिचा पहिला संचालक कोण? तोच रेल्वेवाला गेर्विग. त्याने नव्या ढंगाचं घड्याळ सुचवा म्हणून आवाहन केलं आणि फ्रीडरिश आइसेनलोर नावाच्या वास्तुविशारदाने आराखडा पाठवला. हा माणूस बाडेनच्या रेल्वेच्या इमारती करायचा. त्याने रेल्वेच्या चौकीदाराची खोपटी घेतली आणि तिच्या दर्शनी भागावर घड्याळाची तबकडी बसवली. आज जगभर कुकू घड्याळ म्हणून जे उतरत्या छपराचं घर विकलं जातं, ते मुळात रुळांकडेचं आहे. संग्रहालयाची सुरुवातही गेर्विगने १८५२ पासून जमवलेल्या जुन्या घड्याळांतूनच झाली. हे कळल्यावर परतीच्या गाडीतून प्रत्येक जुन्या रेल्वे इमारतीकडे आम्ही घड्याळ शोधल्यासारखे बघत होतो.

फुर्टवांगेनला रेल्वे नाही आणि शनिवार-रविवारी बस विरळ असतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. पुढे टिटिझेला जायला बस जमली नाही तर ट्रिबेर्गहून गाडीने डोनाउएशिंगेन आणि तिथे गाडी बदलून टिटिझे असाही रस्ता आहे. डोनाउएशिंगेनला ब्रिगाख आणि ब्रेग या दोन नद्या मिळून डॅन्यूब होते. राजवाड्याच्या बागेत एका झऱ्याला कठडा बांधून ‘डॅन्यूबचा उगम’ म्हणतात. ब्रेग उगम पावते फुर्टवांगेनजवळ, आणि ती दोघींत लांब. त्यामुळे खरा उगम आमचाच, असं फुर्टवांगेनकर म्हणतात. भांडण जुनं आहे.

टिटिझेबद्दल फार लिहीत नाही. तलाव छान आहे, दुकानं जास्त आहेत. सकाळी नऊच्या आत पोचा, नाहीतर शेजारच्या हिंटरत्सार्टेनला राहा. त्यापेक्षा तिथून फ्रायबुर्गला उतरणारी गाडी चुकवू नका. हॉलेंटाल, म्हणजे नरकाची दरी, आणि ती संपली की येणाऱ्या स्टेशनाचं नाव हिमेलराइश, म्हणजे स्वर्गलोक! या मार्गाचा सगळ्यात खडा चढ १८ ला १ च्या आसपास आहे. १९३३ पर्यंत तिथे दातेरी रूळ होते, आता साधी लोकल धावते.

फ्रायबुर्गमध्ये सकाळ कॅथेड्रलभोवतीच्या बाजारात घालवा. रविवार सोडून रोज असतो, दुपारी दीडपर्यंत. ११६ मीटर उंच मनोरा १९४४ च्या बाँबहल्ल्यातून वाचला, भोवतालचं बरंच शहर वाचलं नाही. मनोऱ्याखालच्या प्रवेशद्वाराच्या भिंतींवर नीट बघा. पावांचे आकार कोरलेले आहेत, शेजारी १२७०, १३१७, १३२० ही वर्षं. त्या त्या काळात पाव केवढा असायला हवा, याचं ते माप. गिऱ्हाइकाला शंका आली तर पाव भिंतीला लावून बघायचा. वजनमापे निरीक्षकाचं काम देवळाच्या भिंतीने केलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. रस्त्यांतून वाहणाऱ्या चिमुकल्या पाटांत चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं म्हणतात. आमचा नवरा मुद्दाम लांबून चालत होता.

आता खाणं. शाकाहारींनी घाबरायचं कारण नाही, पण गाफीलही राहू नये. केझेश्पेट्झले म्हणजे अंड्याच्या पिठाच्या ओबडधोबड शेवयांत वितळलेलं चीज आणि वर तळलेला कांदा. पोटभर होतं. अंडं चालत नसेल तर बिबेलेसकेस मागा. चक्क्याच्या जवळ जाणारं ताजं चीज, त्यात कांद्याची पात आणि सोबत परतलेले बटाटे. सासूबाईंनी ते तीन ठिकाणी खाल्लं. धोका आहे तो श्पेकचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या बारीक तुकड्यांचा. बटाट्यांत, सूपमध्ये, कोशिंबिरीत, शरदातल्या कांद्याच्या केकमध्ये, कुठेही तो असू शकतो आणि मेन्यूत लिहिलेला असेलच असं नाही. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’, म्हणजे ‘मांसाशिवाय, श्पेकशिवाय’, हे दोन शब्दप्रयोग पाठ करून जा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही.

आणि तो केक. आपल्या बेकरीतला ‘एगलेस ब्लॅक फॉरेस्ट’ डोक्यातून काढून टाका. इथल्या केकमध्ये किर्शवासर ही चेरीची कडक दारू असते, ती भाजल्यानंतर घालतात आणि तिची चव लागलीच पाहिजे असा जर्मन नियम आहे. मुलांना देण्याआधी, आणि दारू न पिणाऱ्या ज्येष्ठांनाही, हे सांगा. आम्ही सांगितलं. सासूबाईंनी चेरी तेवढी खाल्ली.

जेवणाच्या वेळा कडक आहेत. दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद, रात्री साडेआठनंतर गरम काही मिळणं कठीण आणि आठवड्यातून एक-दोन दिवस खानावळ सुट्टीवर, बहुधा सोमवार-मंगळवार. रविवारी किराण्याची दुकानं बंद, सकाळी बेकरी तेवढी उघडी. शनिवारी दही, ब्रेड, फळं घेऊन ठेवा. छोट्या गावांत रोख पैसे लागतात. थेपले-मेतकूट बरोबर असू द्या, पण तूप, पेढे, चीज नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला प्रवाशांना बंदी आहे.

फेब्रुवारीत जाणार असाल तर फास्नेट बघायला मिळेल. लाकडी मुखवट्यांचा हा उत्सव ६ जानेवारीपासून तयारीला लागतो आणि राखेच्या बुधवारी (अ‍ॅश वेन्सडे, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) संपतो. एल्साख गावचे शुट्टिग नावाचे मुखवटेवाले लाल वेशात, गोगलगायींचे शंख लावलेल्या टोप्या घालून, हातात फुगवलेली डुकराची मूत्राशयं घेऊन लोकांना झोडपत फिरतात. लहान मुलं घाबरतात, पुढच्या रांगेत उभं करू नका.

घड्याळ घ्यायचंच असेल तर यांत्रिकच घ्या, बॅटरीवालं नको. ‘फेराइन डी श्वार्त्सवाल्डऊर’ या संस्थेचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. रोज चावी द्यायचं स्वस्त, आठवड्याला एकदा द्यायचं महाग. कुकूचा आवाज दोन छोट्या भात्यांतून येतो, दुकानदाराकडून तो बंद करायची खिटी आहे का तेही विचारा, रात्री शेजारी दुवा देतील. देवदाराच्या बोंडांच्या आकाराची वजनं लोखंडी असतात, ती मोठ्या बॅगेत टाका. ५० युरोंच्या वर खरेदी असेल तर भारतीय पासपोर्टवर आलेल्या पर्यटकाला कर परत मिळतो. दुकानातून त्याचा फॉर्म भरून घ्या आणि विमानतळावर कस्टमचा शिक्का बॅग चेक-इन करण्याआधी मारून घ्या, कारण तिथे वस्तू दाखवा म्हणतात.