भर उन्हाळ्यात वऱ्हाड, मेळघाट आणि शेवटी काजवे

साठी ओलांडलेल्या माणसांनी मे महिन्यात घराबाहेर पडू नये, असा सल्ला आम्हाला दरवर्षी मिळतो. त्यात विदर्भात निघालोय म्हटल्यावर तर शेजारपाजारचे हातच जोडतात. पण मला अगदी मनापासून वाटतं, की विदर्भ बघावा तो उन्हाळ्यातच. आणि निवृत्तीनंतर मे महिन्याची सुट्टी खरी आमच्याच वाट्याला आलीय. नातवंडांना शिबिरं असतात, क्लास असतात. आम्ही मात्र लहानपणासारखे मोकळे. पूर्वी सुट्टी लागली की लेकी माहेरी यायच्या, पोरंटोरं मामाकडे जायची. आता ज्यांच्याकडे जायचं ती माणसं थकलीत, त्यांच्याने प्रवास होत नाही. तेव्हा आपणच त्यांच्याकडे जावं आणि वाटेत जे दिसेल ते नीट बघावं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. गाडीत दोन माणसांचा टेंट, सतरंज्या, मच्छरदाणी, छोटा गॅस आणि पाण्याचे कॅन टाकले आणि पुण्याहून निघालो.

उन्हात फिरायची आमची पद्धत साधी आहे. पहाटे पाचला गाडी सुरू, साडेदहाच्या आत मुक्कामाला. दुपारी पडदे ओढून झोप, नाहीतर वाचन. संध्याकाळी पाचनंतर परत बाहेर. मधल्या वेळात पन्हं, ताक, कांदा. कुठेही घाई नाही. नोकरीत असताना अशी दुपार कधी मिळाली नव्हती.

जालन्यावरून पुढे सिंदखेडराजा लागतं. लखुजी जाधवरावांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. १५९८ साली इथे त्यांचा जन्म झाला. जानेवारीत इथे जयंतीला पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्याच्या सकाळी आम्ही, दोन शाळकरी मुलं आणि झाडणाऱ्या एक बाई, एवढेच होतो. लखुजीराजांच्या समाधीची भव्य इमारत आणि मोती तलावाचं बांधकाम बघताना हे बराच वेळ रेंगाळले. पाण्याचं काम केलेला माणूस जुना बांध दिसला की हलत नाही.

तिथून लोणार. उल्का आदळून काळ्या बेसॉल्ट खडकात तयार झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याचं वय पूर्वी पन्नास-बावन्न हजार वर्षं मानत. नंतर खडकातल्या आर्गॉन वायूवरून केलेल्या मोजणीत ते सुमारे पावणेसहा लाख वर्षं निघालं. चंद्रावर आणि मंगळावरही बेसॉल्ट असल्यामुळे तिथली विवरं समजून घ्यायला जगभरचे शास्त्रज्ञ लोणारला येतात. आम्ही उजाडताना काठावर पोचलो. खाली हिरवट पाणी, भोवती जंगलाचं कडं, आणि मोरांचे आवाज विवराच्या भिंतींवर घुमत वर येत होते. तळ्याचं पाणी खारं आणि अल्कधर्मी, तर काठावरच्या धारेचं पाणी गोड. एवढ्याशा अंतरात हा फरक कसा, याचं मला अजूनही नवल वाटतं. जून २०२० मध्ये हे तळं गुलाबी झालं होतं, ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. गावातलं दैत्यसूदन मंदिर मात्र चुकवू नका. लोक तळं बघून परत फिरतात आणि हे अप्रतिम कोरीव काम बघायचं राहून जातं.

मेहकर, मालेगाव, पातूर करत अकोल्याला धाकट्या नणंदेकडे पोचलो तेव्हा पारा ४४च्या पुढे होता. दार उघडताच ती म्हणाली, "काहून एवढ्या उन्हाचे निघाले बाप्पा!" आणि हातात पन्ह्याचा पेला. लग्न होऊन इकडे आल्यापासून तिची बोली पार वऱ्हाडी झालीय, आणि ती तिला शोभते. सासूबाई गेल्यापासून तिचं पुण्याला येणं कमी झालं. गुडघेही साथ देत नाहीत. दादा आपल्याकडे उन्हाळ्याच्या मुक्कामाला आलाय, हे तिने गल्लीत प्रत्येकाला सांगितलं होतं.

अकोल्याचे ते दिवस म्हणजे माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रवासातला सर्वांत सुंदर तंबू, तोही बिनकापडाचा. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या. जमीन चर्र आवाज करत पाणी पिते आणि गरम वाफ अंगावर येते. मग दुसरी फेरी, तिसरी फेरी. नऊच्या सुमाराला गाद्या टाकायच्या, उशाशी सुरई. खाली कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, वर आकाश. ह्यांच्या आणि नणंदेच्या गप्पा मी अंधारात नुसत्या ऐकत होते. वडिलांची सायकल, विहिरीवरचा रहाट, कुणाच्या मुंजीत कोण रुसलं होतं. भाऊ-बहीण सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना एका रांगेत गाद्या घालून झोपतात, हे बघायला मला फार आवडलं. सकाळी आमरस आणि शेवयांसारखे कणकेचे सरगुंडे. ते हाताने वळायला नणंदेच्या सुनेने मला शिकवलं. माझे जाड होत होते, तरी तिने सगळे रसात बुडवून आनंदाने वाढले.

अमरावतीला माझी मावशी. तिला आता नीट दिसत नाही, पण कान तल्लख आहेत. लहानपणी तिने गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलंय. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे, ते ती हुबेहूब करून दाखवते. डिसेंबर १९५६ मध्ये अमरावतीकडे येताना वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. त्यांची समाधी शहरातच आहे. मावशीला तिथे घेऊन गेलो. ती पायरीवर बसून "गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला" म्हणायला लागली तेव्हा आजूबाजूच्या अनोळखी बायाही सुरात सूर मिसळू लागल्या. परतताना गिला वडा खाल्ला. अमरावतीला जाऊन गिला वडा न खाता परतू नये.

परतवाड्यापासून घाट सुरू होतो आणि वर चिखलदरा, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. खालच्या भट्टीतून वर आलं की पहिल्याच वळणावर वारा बदलतो. इथे आम्ही पठारावर टेंट लावला. रात्री चक्क पांघरूण लागलं. गाविलगडावर सकाळी लवकर गेलो. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला आणि दोनच दिवसांनी नागपूरच्या रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. वऱ्हाडाचं भवितव्य ठरवणारी ती लढाई, पण आज तिथे मोठाल्या तोफा गवतात पडून आहेत आणि दरवाजावरचं गंडभेरुंडाचं, म्हणजे दोन डोक्यांच्या काल्पनिक पक्ष्याचं शिल्प बघायला थांबणारे थोडेच. आमच्या शाळेच्या पुस्तकात गाविलगडाला एक ओळ होती. त्याला निदान एक धडा तरी मिळायला हवा होता.

आता मेळघाट. याच्यासाठीच सगळा बेत बुद्धपौर्णिमेभोवती आखला होता. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांमध्ये मेळघाट होतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून प्राणी मोजायची इथे जुनी प्रथा. वाघांची शास्त्रीय गणना आता कॅमेरे लावून होते, त्यामुळे हल्ली या रात्रीला 'निसर्ग अनुभव' म्हणतात आणि सामान्य माणसांना अर्ज करून त्यात भाग घेता येतो. तर्क सरळ आहे. मे महिन्यात ओढे आटलेले, पाणी ठरावीक ठिकाणीच. तहान सगळ्यांना तिथे आणते. आणि चांदणं इतकं लख्ख, की विजेरी लावायची गरज नाही.

दुपारी वनखात्याच्या गाडीने मचाणाशी सोडलं. मळकट रंगाचे कपडे, अत्तर-पावडर नाही, डब्यात दशम्या आणि चटणी, पिण्याचं पाणी. सोबत एक तरुण कोरकू वनमजूर. मेळघाट कोरकूंचं घर आहे. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, ती संथाळी-मुंडारीच्या कुळातली. हा मुलगा बोलायचा फार कमी. बोटाने दिशा दाखवायचा आणि बरोबर तिथेच काहीतरी हलायचं. सागाला एक पान नव्हतं. पावसाळ्यात जिथे दहा पावलांपुढचं दिसत नाही, तिथे आता समोरच्या उतारावरचं प्रत्येक खोड मोजता येत होतं. उन्हाळ्यात या म्हणते ते यासाठी.

सूर्य कलला तसे मोर आले, मग रानडुकरांचा कळप, पिल्लं आईच्या पोटाखालून धडपडत. अंधार पडल्यावर रातवा पक्ष्याचा टक-टक-टक आवाज सुरू झाला. चंद्र वर आला आणि सांबराच्या माद्या इतक्या हळू पाण्यावर उतरल्या, की पाण्याला तरंग आला तेव्हाच कळलं. नंतर बराच वेळ काहीच नाही. मला वाटतं, त्या 'काहीच नाही'साठीही यावं. मध्यरात्रीनंतर धापा टाकल्यासारखा आवाज आला आणि अस्वल. ते पाणी पीत नव्हतं, ओढत होतं. एवढा मोठा आवाज! पाणी पिऊन झाल्यावर त्याने मागच्या पायांवर उभं राहून वारा हुंगला. ह्यांनी माझा हात घट्ट धरला होता. पहाटेच्या आधी गव्यांचा कळप आला, चांदण्यात त्यांचे पांढरे पाय तेवढे चालताना दिसत होते. तक्त्यात वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी असं सगळं लिहिलं. वाघाच्या रकान्यात काही नव्हतं, आणि मला त्याची जराही उणीव वाटली नाही.

दुसऱ्या सकाळी सेमाडोहच्या रस्त्याला त्याच मुलाने गाडी थांबवायला लावली. निष्पर्ण सागावर एक बसका, मोठ्या डोक्याचा पिंगळा, भर उजेडात. रानपिंगळा! १८८४ नंतर या पक्ष्याची विश्वासार्ह नोंदच नव्हती. रिचर्ड माइनर्टझागेन नावाच्या एका इंग्रज संग्राहकाने संग्रहालयातला नमुना चोरून तो १९१४ साली आपण मिळवल्याचं दाखवलं होतं, त्यामुळे शोध घेणारे वर्षानुवर्षं चुकीच्या जागी हिंडले. पक्षीशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा जिवंत सापडला. पुढे मेळघाटातही तो आढळला. एकशे तेरा वर्षं जगाला न दिसलेला पक्षी आमच्याकडे मान वळवून बघत होता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

ताडोबाला या वेळी गेलो नाही. एका जंगलात मन भरलं असताना लगेच दुसऱ्यात शिरू नये, असं माझं मत आहे. त्याऐवजी सेवाग्रामला गेलो. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, या गावात राहायला आले. तेव्हा याचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम हे नंतरचं. भर दुपारी बापू कुटीत शिरलो. जाड मातीच्या भिंती, कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन, पंखा नाही. तरी बाहेरच्यापेक्षा कितीतरी गार. व्हाइसरॉयला थेट बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोन तिथे अजून जपलाय. हे भिंतीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "आपण सिमेंटची घरं बांधून काय मिळवलं?" मला उत्तर सुचलं नाही. जवळच पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम. तिथे संध्याकाळ काढली.

परतीला समृद्धी महामार्ग. वेळ वाचतो, पण त्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उन्हात टायर तापतात, म्हणून पहाटेच तो कापायचा आणि मध्ये मुक्काम करायचा, एवढं नक्की सांगेन.

शेवटचा टेंट भंडारदऱ्याला लागला. नाशिकचा भाचा बायको-मुलांना घेऊन तिथे आला. मे संपताना, पाऊस तोंडावर आला की इथे काजव्यांचे दिवस सुरू होतात. त्याआधी दिवसा ह्यांनी पोरांना विल्सन धरण समजावून सांगितलं: प्रवरेवरचं दगडी धरण, १९२६ साली पूर्ण झालेलं, सुमारे ८२ मीटर उंच, १९६९ मध्ये तडे दिसल्यावर त्याला मागून भक्कम आधार दिले गेले. आठ वर्षांच्या पोरीने विचारलं, "मग आता ते दमलंय का?" त्यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि हे इतके खुलले की मला त्यांच्या नोकरीतले दिवस आठवले.

रतनवाडीच्या वाटेवर अंधारात उभे राहिलो. हिरड्या-बेहड्याच्या, सादड्याच्या झाडांवर हजारो काजवे, आणि अख्खं झाड एकदम उजळतं, एकदम विझतं. नर चमकून मादीला बोलावतो. अळीचं आयुष्य मोठं, पंख फुटल्यावरचं जेमतेम काही आठवडे, आणि त्यातच जोडीदार शोधायचा. म्हणून कळकळीने सांगते: विजेरी, मोबाइलचा फ्लॅश, गाडीचे दिवे लावू नका. आपल्या उजेडात त्यांचा उजेड एकमेकांना दिसत नाही. शक्यतो शनिवार-रविवार टाळा. महादेव कोळी घरांमधून तांदळाची भाकरी आणि झुणका मिळतो, राहायला टेंटही लावून देतात. तिथेच जेवा, म्हणजे पैसा गावात राहतो.

मेळघाटच्या मचाणासाठी अर्ज करायचा असेल तर बुद्धपौर्णिमेच्या काही आठवडे आधीपासून वनविभागाच्या सूचनेवर लक्ष ठेवा, जागा लवकर भरतात. आमचा पुढच्या वर्षीचा विचार पक्का आहे. भाच्याच्या पोरीला यायचंय, पण तिला अजून दहा वर्षं थांबावं लागेल. नणंदेचं मात्र काही ऐकून घ्यायची तयारी नाही. तिने आत्तापासून रोज जिना चढायचा सराव सुरू केलाय, आणि गुडघ्याच्या डॉक्टरांना मचाणाच्या शिडीबद्दल विचारूनही आलीय.